कचरा आपला, हात कुणाचे?

सकाळी साडेसातची वेळ म्हणजे घरात कशी धांदल असते, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. एका शेगडीवर पोळ्या, दुसरीवर डब्याची भाजी, मुलाचा एक मोजा सापडत नाही, 'ह्यां'ना चहाचा दुसरा कप हवा, आणि नेमकी त्याच वेळी दाराची बेल वाजते. "ताईऽ, कचराऽ!" आपण घाईघाईने डबा पुढे करतो, त्या तो आपल्या बादलीत रिकामा करतात, डबा परत उंबऱ्याशी आणि दार बंद. सगळा कारभार अर्ध्या मिनिटाचा. आमच्या घरी पुण्यात वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. त्या बाई कुठून येतात, त्यांना पाठवतं कोण, पैसे कोण देतं, हे विचारावंसं मला कधी वाटलंच नाही.

मग एक दिवस माझ्या हातून सरबताचा ग्लास फुटला. पाहुणे बसलेले. मी लगबगीने तुकडे झाडून भाजीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्यात टाकले आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी कचऱ्याला आलेल्या मावशींनी नेहमीप्रमाणे डबा ओतून घेतला. तिसऱ्या दिवशी त्या आल्या, तेव्हा त्यांच्या उजव्या तळव्याला चिंधी बांधलेली होती.

"काय झालं हो मावशी?"

"काच लागली. चालायचंच ताई. पर काच तेवढी कागदात गुंडाळून येगळी देत जावा. हात हाय तर काम हाय."

ना राग, ना तक्रार. माझ्या मात्र काळजात चर्र झालं. ती काच माझीच होती, हे त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मी त्यांना आत बोलावलं, जखम धुऊन मलमपट्टी केली, चहा दिला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघी पाच मिनिटं बोललो. त्या पाच मिनिटांनी माझी उत्सुकता अशी काही जागी झाली, की पुढे महिनाभर मी त्याच विषयाच्या मागे लागले. जे कळलं, ते तुमच्याशी बोलावं म्हणून हा लेख.

कुंडीपासून दारापर्यंत

मावशींचे आईवडील मराठवाड्यातले. 1972 च्या दुष्काळात गाव सोडून पुण्याला आलेल्या हजारो कुटुंबांतलं ते एक. शेती नाही, शिक्षण नाही. आईने पाठीला पोतं लावलं आणि रस्त्यावरच्या कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचायला सुरुवात केली. आठव्या-नवव्या वर्षी मावशीही तिच्याबरोबर जाऊ लागल्या. पहाटे अंधारात निघायचं, कुत्र्यांना हाकलायचं, कुंडीत हात घालायचा. कुठे चोरी झाली की पहिला संशय यांच्यावर. आणि दिवसभराचं पोतं भंगारवाल्याच्या काट्यावर गेलं की तो देईल तो भाव.

अशा बायका पुण्यात त्या काळी हजारोंनी होत्या. बहुतेक जणी दलित समाजातल्या, आणि कित्येकींच्या घरचा मुख्य आधार त्यांचीच कमाई. शहराचा केवढा तरी माल त्या रोज कुंडीतून वाचवत होत्या. पण महापालिकेच्या कुठल्याही वहीत त्यांचं नाव नव्हतं.

बदलाची सुरुवात झाली, ती एका बाईंच्या विद्यापीठातून. महर्षी कर्व्यांनी 1916 साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला आपण 'एसएनडीटी' म्हणून ओळखतो. त्याच्या पुण्यातल्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या 1990 च्या सुमारास या बायकांना अक्षरओळख करून द्यायला वस्तीत जाऊ लागल्या. लक्ष्मी नारायणन आणि पौर्णिमा चिकरमाने ही त्यांतली दोन नावं. पण शिकवता शिकवता शिकवणाऱ्यांनाच उमजलं, की पाटी-पेन्सिलीआधी यांचा प्रश्न आहे तो घाणीत घालाव्या लागणाऱ्या हाताचा. मग त्यांनी एका भागातल्या गृहिणींना विनंती केली: सुका माल घरातच वेगळा ठेवा आणि या बायकांच्या हातात द्या. बायका कुंडीपासून दारापर्यंत आल्या, त्या तेव्हा.

तेवढ्यात कुणी व्यावसायिक गाडी लावून घरोघरचा कचरा न्यायला निघाला. म्हणजे माल गेला, पोट गेलं! बायका एकत्र आल्या आणि गाडीला आडव्या झाल्या. एकीने ओरडून काही होत नाही, हे त्या दिवशी त्यांना कळलं. हमालांची संघटना बांधणारे डॉ. बाबा आढाव पाठीशी उभे राहिले आणि 1993 साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. नाव किती साधं! आपल्या घरातून जे जातं, तेच त्यांच्या संघटनेचं नाव.

पंचायतीने पहिली मागणी केली ती ओळखपत्राची. महापालिकेने मान्य केलेलं कार्ड बायकांच्या गळ्यात आलं. मावशी ते कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जपतात. म्हणाल्या, "ह्ये आलं, तवापास्नं पोलिसानं हटकलं तर खाली बघावं लागत न्हाई." पुढे पतसंस्था निघाली, मुलांच्या शिक्षणासाठी धडपड सुरू झाली, आणि महापालिका त्यांच्या आरोग्यविम्याला हातभार लावू लागली.

कायदा आला, संधी आली

आता थोडं कायद्याचं. कंटाळू नका, यातही एक बाईच आहे! बंगळूरच्या अलमित्रा पटेल या इंजिनीअर बाईंनी 1996 साली शहरांतल्या कचऱ्याच्या दुर्दशेबद्दल सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातून देशभरासाठी 2000 साली नियम निघाले, आणि घरोघर जाऊन कचरा गोळा करणं ही नगरपालिकांची जबाबदारी ठरली.

जबाबदारी ठरली खरी, पण ती पार कोण पाडणार? एवढी माणसं नेमायची तर पगाराचा बोजा. ठेका द्यायचा तर ठेकेदार आपली माणसं आणणार आणि वेचणाऱ्या बायका पुन्हा रस्त्यावर. पंचायतीने तिसरी वाट सुचवली: कचऱ्यातलं ज्यांना सगळ्यांत जास्त कळतं, त्यांनाच हे काम द्या. आधी काही भागांत प्रयोग झाला. मग 2007 साली कचरावेचकांचीच सहकारी संस्था नोंदली गेली. तिचं नाव 'स्वच्छ'. 2008 साली तिने पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार केला. पुढे 2016 साली नवा करार झाला. आज साडेतीन हजारांच्या आसपास कचरावेचक या संस्थेतर्फे काम करतात, आणि त्यांतल्या बहुसंख्य बायका आहेत.

कुणाचं काम काय?

मला वाटायचं, एक बाई येते आणि कचरा नेते, त्यात काय एवढं? पण एका बाईच्या मागे किती जणांचं जाळं विणलेलं असतं, ते पाहा.

पहिली महापालिका. ढकलगाड्या, बादल्या, हातमोजे, साबण, पावसाळ्यातले रेनकोट अशी सामग्री द्यायची. गोळा झालेला ओला कचरा ठरल्या जागेवरून गाडीने पुढे न्यायचा. सुका माल निवडायला जागा द्यायची. आणि संस्था चालवायचा खर्च काही अंशी उचलायचा, हे तिच्याकडे. भागातल्या आरोग्य कोठीतले लोक देखरेख करतात.

दुसरी 'स्वच्छ'. कुणी कुठल्या गल्लीत जायचं, एखादी आजारी पडली तर बदली कोण, नव्या इमारतीत जाऊन लोकांना समजावायचं कुणी, तक्रार आली तर निस्तरायची कशी, हे सगळं संस्थेचे कार्यकर्ते पाहतात.

तिसरी पंचायत, म्हणजे संघटना. रोजचं काम संस्थेचं. हक्कासाठी भांडायचं ते पंचायतीचं. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. सासर एक, माहेर एक! सासरी काही बिनसलं तर पाठीवर हात ठेवायला माहेर हवंच ना?

चौथा भंगारवाला आणि त्याच्यापुढचे कारखानदार. पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा यांचं पुन्हा काहीतरी बनतं, म्हणून तर त्याला किंमत येते.

आणि पाचव्या आपण. होय, तुम्ही आणि मी! कचरा वेगळा करून द्यायचा आणि महिन्याची फी वेळेवर द्यायची, हे आपलं काम. ही फी त्या बाईच्या हातीच पडते. घरटी शंभर रुपयांच्या आतबाहेरची रक्कम. वस्त्यांमध्ये त्याहून कमी, आणि तिथे महापालिकाही थोडी भर घालते.

साधारणपणे दोघीदोघींची जोडी असते आणि एका जोडीकडे दीडशे ते तीनशे घरं. सकाळी चार-पाच तास जिने चढायचे, मग गाडी ओढत नेऊन बसून माल निवडायचा. त्यांची कमाई दोन वाटांनी येते: आपली फी, आणि निवडलेला सुका माल विकून येणारे पैसे. म्हणजे आपण कागद जर आमटीत भिजवून दिला, तर आपण त्यांच्या पगाराला कात्री लावतो. हे कळल्यापासून मी एकही पुठ्ठा ओला होऊ दिलेला नाही!

स्वेटर विणताना एक टाका सुटला तर काय होतं, ते आपण जाणतोच. इथेही तसंच. महापालिकेची गाडी वेळेवर आली नाही, तर गोळा केलेला कचरा रस्त्याकडेला कुजतो आणि लोक बोल लावतात ते बाईला. भंगाराचा भाव पडला, तर तिच्या घरची चूल मंदावते. आणि आपण एकत्र कचरा दिला, तर बाकी सगळ्यांनी कितीही केलं तरी व्यर्थ.

आमच्या इमारतीतली सभा

माझा अभ्यास चालू असतानाच आमच्या इमारतीची मासिक सभा आली. चिटणीसांनी मुद्दा काढला: "एक गाडीवाला तयार आहे. सगळा कचरा एकत्र द्या म्हणतो, निवडायची कटकट नको. पैसेही कमी घेणार. काय करायचं?"

माना डोलू लागल्या. खोटं कशाला बोलू, दोन महिन्यांपूर्वी मीही डोलावली असती. त्या दिवशी मात्र उठून उभी राहिले. एरवी सभेत मी कधी बोलत नाही. पाय थरथरत होते.

"तो गाडीवाला एकत्र कचरा नेऊन टाकणार कुठे?" मी विचारलं.

कुणालाच सांगता येईना. मग मी उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांची गोष्ट सांगितली. आपल्या शहराचा मिसळलेला कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या शिवारात ओतला गेला. विहिरींचं पाणी नासलं, दुर्गंधीने जेवण जाईना, आणि शेवटी गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, त्याही एकदा नव्हे, अनेकदा. आपल्या दारातून कचरा गेला म्हणजे तो नाहीसा होत नाही; तो कुणाच्या तरी दारात जाऊन पडतो.

"पण या बायका न सांगता दांड्या मारतात, त्याचं काय?" एका गृहस्थांनी विचारलं. प्रश्न खोटा नव्हता. मावशी नसल्या की कधी कधी दोन-दोन दिवस कुणी फिरकत नसे. त्यावर तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अहो, तिला काय सणवार, आजारपण नाही? वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस कोण कामाला येतं? बदलीचं बोला त्यांच्या संस्थेशी. घरातली माणसं बदलायला कसली निघालात!"

सभेत हशा पिकला आणि हवा पालटली. ठरलं ते असं: मावशींचंच काम चालू ठेवायचं. संस्थेच्या कार्यकर्त्याला बोलावून बदलीची सोय पक्की करून घ्यायची. फी दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत चिटणीसांनी एकत्र गोळा करून द्यायची, मावशींनी दारोदार "ताई, पैसे?" करत फिरायचं नाही. आणि पाण्याच्या टाकीशेजारची मोकळी पडवी त्यांना माल निवडायला द्यायची.

हे आमच्या छोट्या इमारतीचं झालं. शहराच्या पातळीवरही अगदी हीच कसोटी आली होती. 2020 साली टाळेबंदीत आपण घरात बसलो, तेव्हाही या बायका कचरा उचलत होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस करार संपला आणि हे काम ठेकेदारांकडे द्यावं असा सूर निघाला. तेव्हा पुण्यातल्या अनेक नागरिकांनी आणि संस्थांनी 'स्वच्छ'ची बाजू घेतली, आणि मुदतवाढ मिळत काम चालू राहिलं. करारावर सह्या महापालिकेच्या आणि संस्थेच्या असतात हे खरं. पण तो टिकतो तो घराघरातल्या बायकांच्या जिवावर, असं मला तरी वाटतं.

सगळं गोड नाही

मी नुसती स्तुती करायला बसलेले नाही. ज्यांच्या वाट्याला वस्तीतली घरं येतात, त्यांना फीही कमी आणि विकण्याजोगा मालही कमी. म्हातारपणी पेन्शन नाही. गुडघे आणि कंबर चाळिशीतच बोलू लागतात. काही ठिकाणी फी द्यायला लोक चक्क नकार देतात. आणि करार संपत आला, की दर वेळी जिवाला घोर. स्वयंसेवी संस्था कितीही तळमळीने काम करो, जागा, गाड्या आणि कायदा हे सरकारच्याच हाती. तिथून हात आखडला तर संस्था एकटी पुरी पडत नाही. उलट महापालिकेकडे सगळं असलं, तरी तीनशे घरांची नस ओळखणारी मावशी तिला परस्पर सापडत नाही. दोघींना एकमेकींची गरज आहे, ती अशी.

मुंबईतही 'मुलगी झाली हो' या नाटकाने घराघरात पोचलेल्या स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक बायकांची संघटना बांधली आहे, 'परिसर विकास' या नावाने. ज्योती म्हापसेकर यांनी त्या कामाला आकार दिला. म्हणजे वाट एका गावापुरती नाही.

आपल्या घरात एवढं करा

• तीन डबे ठेवा: ओला, सुका, आणि तिसरा घातक वस्तूंचा. तिसऱ्यात ब्लेड, सुया, उरलेली औषधं, जुने सेल, गेलेले बल्ब.

• काच फुटली तर जाड कागदात किंवा जुन्या खोक्यात बांधा, वर 'काच' असं ठळक लिहा आणि हातात देताना तोंडाने सांगा. त्या वाचू शकतीलच असं नाही.

• सॅनिटरी पॅड आणि बाळांचे डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. पुण्यात ही लाल ठिपक्याची खूण रुळली आहे. ते पुडकं न उघडताच बाजूला ठेवता येतं. 'कचऱ्यात टाकलं की संपलं' असं आपल्याला वाटतं, पण कुणीतरी बाईच ते उघड्या हाताने निवडते, हे विसरू नका. 2013 साली या बायकांच्या संघटनेने वापरलेली पॅड्स पिशव्यांत भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत धाडली होती. दर पॅडबरोबर गुंडाळायची पिशवी द्या, हे त्यांचं मागणं होतं.

• दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका. चीर द्या आणि तो पिशवीलाच राहू द्या. सुटा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. रिकामी पिशवी विसळून वाळवा.

• भाजीचे देठ, साली, चहाचा चोथा यांचं गॅलरीतल्या कुंडीत खत करता आलं तर उत्तमच. तेवढंच मावशींच्या डोक्यावरचं ओझं कमी.

• फी वेळेवर द्या. उन्हाळ्यात पाण्याचा तांब्या पुढे करा, तोही वेगळ्या ठेवलेल्या भांड्यातून नव्हे.

तुमच्या गावात?

कदाचित तुमच्या गावी अशी संस्था नसेल. पण कचरा वेचणाऱ्या बायका कुठल्या गावात नाहीत? 2016 च्या केंद्राच्या नियमांनी कचरावेचकांना या कामात सामावून घ्यावं असं स्पष्ट म्हटलं होतं. तेव्हा महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. आधी आपल्या गल्लीत कोण वेचायला येतं ते पाहा, तिच्याशी बोला. चार गल्ल्यांनी मिळून दोघींना नेमा. बचत गट असेल तर त्यांना त्यात घ्या. मग नगरपालिकेच्या आरोग्य खात्याकडे अर्ज घेऊन जा: आम्ही कचरा वेगळा करून देतो, तुम्ही या बायकांना ओळखपत्र, गाडी आणि निवडायला जागा द्या. पहिल्या खेपेला कुणी दाद देणार नाही. दुसऱ्या खेपेला दहा जणी जा.

परवा मावशी पडवीत बसून माल निवडत होत्या. हाताची जखम भरून आली आहे. तळव्यावर एक पांढरी रेघ तेवढी राहिली आहे. मी दुधाच्या वाळवलेल्या पिशव्यांची चळत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली आणि हसल्या.

"ताई, तुमचा कचरा लई नीटनेटका असतोय बघा."

आजवर माझ्या पुरणपोळीचं कौतुक झालं, भरतकामाचं झालं. पण खरं सांगते मैत्रिणींनो, या कौतुकाने मला जितकं बरं वाटलं, तितकं दुसऱ्या कशानेच वाटलं नव्हतं.